पेन्सिल, रबर आणि बाद होण्याची भीती

"ताई, हाऊ पोऱ्या खोडरबरसंगे बोलस. डोक्यात काही बिघाड तर नाही ना?" रावेर तालुक्यातून यंदाच जळगावला राहायला आलेल्या एका आईने खुर्चीवर टेकायच्या आतच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दहा वर्षांचा मुलगा मोबाइलवर निर्जीव वस्तूंच्या स्पर्धेचं कार्टून बघतो आणि एखादी वस्तू बाद झाली की जेवत नाही, ही तक्रार. अशी काळजी घेऊन येणारे पालक आता मला बरेच भेटतात.

मुलाला म्हटलं, मला दाखव. त्याने कंपासपेटी टेबलावर रिकामी केली. रबर, शार्पनर, पट्टी, खडू, कर्कटक. प्रत्येकावर पेनाने दोन डोळे आणि तोंड. वहीत मतांचा तक्ता. मूळ कार्यक्रमात सुरक्षित राहिलेल्यांना केक मिळतो, याच्या खेळात शेवेचा एकेक तुकडा. झिजून अर्ध्या झालेल्या रबरापुढे शेव नव्हती.

तो कार्यक्रम म्हणजे 'बॅटल फॉर ड्रीम आयलंड'. कॅरी आणि मायकल हुआंग या शाळकरी वयातल्या भावांनी 1 जानेवारी 2010 रोजी त्याचा पहिला भाग यूट्यूबवर टाकला. वीस स्पर्धक, बक्षीस एक बेट, आणि कोण बाद होणार ते प्रेक्षकांची मतं ठरवत. चित्रं इतकी साधी की मुलाला वाटतं, हे मलाही जमेल, आणि जमतंही. बुडबुडा हा एक स्पर्धक फुटतो, पण परत येतो. हरण्याचा धसका पोरं इथे पुन्हा पुन्हा घेऊन बघतात, कारण इथे तो झेपतो. माणसांच्या रिॲलिटी शोमध्ये रंग, कपडे, घरची परिस्थिती मध्ये येते. इथे पेन्सिल ही पेन्सिलच.

आईला ते पटेना. मी विचारलं, श्रावणात कानबाई देवी बसवता ना? नारळाला डोळे काढता, नथ घालता, रात्रभर गाणी म्हणता. विसर्जनाला काय होतं? "जीव कासावीस होतो," ती म्हणाली आणि गप्प झाली. श्रद्धा वेगळी, खेळ वेगळा, हे मीही मानते. पण वस्तूला चेहरा दिला की माणसाचा जीव जडतो, हे खान्देशातल्या बाईला मी काय सांगायचं?

खरी गोष्ट कर्कटकाने सांगितली. त्याच्या खेळात कर्कटक म्हणजे मालिकेतली त्याची लाडकी सुई होती. मालिकेतल्या सुईला (इंग्रजीत 'नीडल') कोणी 'नीडी' म्हटलं की ती थोबाडीत देते. "तुला कोणी नावं ठेवतं का?" बराच वेळ तो शेवेचा तुकडा बोटाने फिरवत राहिला. मग म्हणाला, "केळ्या." केळीच्या गावाहून आला म्हणून वर्गात तेच नाव पडलेलं. कबड्डीच्या संघात कोणी घेत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मोबाइल हिसकावण्याआधी शेजारी बसून एक भाग बघा आणि विचारा, तुला कोण आवडतं, कोण बाद झालं तेव्हा वाईट वाटलं? नुसत्या या आवडीवरून ऑटिझम (स्वमग्नता) ठरत नाही, वेड तर नाहीच. झोप उडाली, शाळा नकोशी झाली, माणसांशी बोलणंच थांबलं, तर मात्र जरूर दाखवा. चाहत्यांनी बनवलेल्या काही व्हिडिओंत मारधाड फार असते, तिथे लक्ष हवंच.

आई वर्गशिक्षकांना भेटली. रोज रात्री अर्धा तास मायलेक मिळून मतं मोजू लागले.

तिसऱ्या भेटीत वहीत एकविसावा स्पर्धक होता. केळं, हात कमरेवर, कपाळाला आठ्या. मी विचारलं, "हा राहणार की बाद होणार?"

"मतं अजून मोजायचीत," तो म्हणाला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.