किडनी बाहेर काढून दुरुस्त करणं: हात आणि बर्फ

"किडनी शरीराबाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा त्याच माणसात बसवण्याची शस्त्रक्रिया पहिल्यांदा कोणी केली आणि ती सुरक्षित आहे का?" प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी २६ वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते.

आधी नावं सांगते. १८६९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गचे सर्जन गुस्टाव्ह सिमोन यांनी एका बाईची किडनी काढून टाकली, कारण आधीच्या ऑपरेशनमध्ये तिची मूत्रवाहिनी दुखावली होती. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीचे सर्जन जेम्स हार्डी यांनी अशाच दुखापतीत किडनी टाकून न देता त्याच रुग्णाच्या शरीरात खाली हलवून बसवली. १९६७ मध्ये जपानचे डॉक्टर ओटा यांनी बाहेर काढलेल्या किडनीची रक्तवाहिनी टेबलावर दुरुस्त केली. १९७१ मध्ये ब्रिटिश सर्जन रॉय कॅल्न यांनी एकुलत्या किडनीतली गाठ याच पद्धतीने काढल्याचं नोंदवलं.

आता माझं. पेशंटला एकच किडनी होती आणि तिच्या रोहिणीला (किडनीत रक्त नेणाऱ्या वाहिनीला) नेमका फाटा फुटतो तिथे फुगा आलेला. पोटात राहून तिथवर टाका पोचेना. किडनी काढून माझ्यासमोरच्या बेसिनमध्ये ठेवली. जांभळट, गरम. रोहिणीतून थंड द्रावण सोडलं तसं रक्त धुऊन निघालं आणि ती डोळ्यांदेखत राखेसारखी फिकी पडली. माझं काम एवढंच, सलाइनच्या बर्फाचा चुरा मऊ ठेवायचा. टणक खडा किडनीला टेकला तर तिथली पेशी गोठून मरते. दोन हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली होती. डॉक्टर भिंगातून केसापेक्षा बारीक दोऱ्याने शिवत होते आणि मी दर दहा मिनिटांनी वेळ सांगत होते. शेवटी ती ओटीपोटात जोडून क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा सोडला. किडनी गुलाबी झाली, टरारली, आणि मूत्रवाहिनीच्या तोंडातून लघवीचा थेंब आला. मग दुसरा.

नंतर एका मोठ्या सर्जननी माझ्यासमोर सांगितलं, "हात चांगला असला की झालं, बर्फ काय कोणीही धरतं." हे चूक आहे, आजही म्हणते. रक्तवाहिन्या शिवायचा हात फ्रेंच सर्जन अलेक्सिस कॅरल यांच्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होता, १९१२ चं नोबेलही त्यांना मिळालं. पण रक्त तोडलेली किडनी शरीराच्या उष्णतेवर अर्ध्या तासाच्या पुढे धोक्यात येते. तेवढ्यात किचकट दुरुस्ती कशी होणार? चार अंशांच्या आसपास ठेवली की तासन्‌तास मिळतात. १९६९ मध्ये कॉलिन्स यांनी त्यासाठीचं द्रावण दिलं आणि निवांतपणे शिवता येऊ लागलं. या इतिहासात बर्फाचं नाव सर्जनांच्या शेजारी लिहायला हवं.

सुरक्षित का, हे तुमच्या रिपोर्टवर आहे. मी सर्जन नाही. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर किडनी हातची जाते, तसंही मी पाहिलंय. हल्ली बहुतेक गाठी आतल्या आत, दुर्बिणीने किंवा रोबोटने निघतात, त्यामुळे ही शस्त्रक्रिया क्वचितच लागते. किडनी स्वतःचीच असल्याने प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र लागत नाहीत. घरात कुणाला सुचवली असेल तर किडनी किती वेळ बाहेर राहणार आणि ती थंड कशी ठेवणार, हे डॉक्टरांना विचाराच.