आगोटीच्या आधी घर लावताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. शाळेऐवजी मुलांना तू घरीच शिकवतेस, पण त्यांची पुस्तके काढायला जावे तर जेवणाच्या टेबलावर कालच्या क्रोशाचा गुंता पडलेला असतो, तो सारावा तर पावासाठी भिजवलेला मैदा फुगायला ठेवलेला असतो, आणि दहा वाजले की सासूबाई भाजी चिरायला तीच जागा मागतात, असे तू लिहिले आहेस. वेळापत्रक कसे आखावे, हा तुझा प्रश्न. वेळापत्रकाने तुझी अडचण सुटेल असे मला वाटत नाही. एका जागेवर तीन कामे उघडी पडली आहेत आणि त्यांतले एकही आवरले जात नाही, हे मला तुझ्या तक्रारीचे मूळ दिसते.

मी एवढे ठामपणे लिहिते, कारण माझ्या हातून याच बाबतीत चूक घडली आहे. श्रावणातली एक दुपार होती. पडवीत मी गोधडी शिवत होते आणि शेजारी माझा सहा वर्षांचा मुलगा पाटीवर गणिते सोडवत होता. पाहुणे आले म्हणून मी टाका अर्ध्यावर सोडून आत चहा टाकायला गेले. उठून धावताना मुलाचा पाय गोधडीवर पडला आणि सुई टाचेत शिरून मोडली. भर पावसात त्याला एसटीने तालुक्याच्या गावी नेले आणि तुकडा काढून आणला. त्या दिवसापासून आमच्या घरी सुयांच्या गादीत नेमक्या पाच सुया असतात आणि शिवण उचलताना त्या मोठ्याने मोजल्या जातात. पाचवी सुई सापडेपर्यंत कोणीही जागचे हलत नाही. मोजण्याचे काम मी मुलाकडेच दिले आणि ते त्याने पुढे कित्येक वर्षे न कंटाळता केले.

म्हणून तू कोणत्याही कामाला वेळ देताना त्याच्या आवरण्याचाही वेळ त्यातच धर. विणकामाला एक तास मिळणार असेल, तर पन्नास मिनिटे विणायचे आणि दहा मिनिटे दोरा गुंडाळून, सुया मोजून, टेबल पुसायचे. बुरुडाकडून झाकणाच्या तीन टोपल्या करून घे. एकीत मुलांच्या वह्या-पुस्तके आणि कंपासपेटी, दुसरीत शिवण-टिपण, तिसरीत मोजायच्या वाट्या, चाळणी, लाटणे आणि केकचे डबे ठेव. टेबलावर एका वेळी एकच टोपली उघडायची. दुसरी हवी असेल तर पहिली भरून, झाकण लावून जागेवर गेली पाहिजे. दहा वाजल्यानंतरचा तास मात्र सासूबाईंचा, त्यात तुझे काहीही मांडलेले असू नये. ज्या घरात चार माणसांचे जेवण व्हायचे आहे, तिथे विळीला जागा मागावी लागू नये.

आता हंगामाचे सांगते, कारण आपल्याकडे घर घड्याळापेक्षा पंचांगाने आणि पावसाने अधिक चालते. वैशाखात आगोटीची, म्हणजे पाऊस लागण्याआधीची, बेगमी डोक्यावर असते. आमसुले, आंब्याची साठे, फणसाचे तळलेले गरे, पापड, लाकूडफाटा, माळ्यावरची कौले शाकारून घेणे, हे सगळे पहिली सर येण्याआधी उरकावे लागते. त्या महिन्यात पाठ्यपुस्तके टोपलीतच राहू देत. मुले आमसुलांच्या उन्हात रमली तरी त्यांचे शिक्षण चालूच असते. कोकमाची साले मिठाच्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा रसात घालायची आणि पुन्हा उन्हात टाकायची, ही पुटे देताना रोज संध्याकाळी तीच परात तागडीवर ठेवून वजन वहीत लिहायला लाव. वजन आधी भरभर आणि मग हळूहळू का उतरते, याचे उत्तर शोधण्यात त्यांचे चार दिवस आनंदात जातील.

खरा अभ्यास पावसाळ्यात घे. समुद्रकाठच्या आपल्या पट्ट्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. त्या काळात मुले घरातच असतात आणि बाहेरचा व्यापही कमी असतो. मात्र लोकरीच्या कामाला तेव्हा हात लावू नकोस, लोकर ओल धरते आणि कुबट वास जाता जात नाही. कापडाचे तुकडे भिंतीला टेकलेल्या ट्रंकेत न ठेवता पाटावर ठेव. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि विसर्जनापर्यंतचे सगळे दिवस अभ्यासाला पूर्ण सुट्टी दे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की विणकाम आणि भाजकाम मनसोक्त कर.

भाजकामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझा सर्वांत जास्त वेळ तिथेच फुकट जातो आहे. मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात यीस्ट घातलेला मैदा तासाभरात दुप्पट होतो. पुस्तकात दीड तास लिहिला आहे म्हणून तू वाट पाहत बसलीस, तर तो आंबून खाली बसेल. तेव्हा घड्याळाकडे न बघता बोट रुतवून पाहा. खळगा हळूहळू भरून आला, तर भाजायची वेळ झाली. पावसाळ्यात मैदाच ओल धरून असतो, म्हणून पाण्यातले दोन चमचे राखून ठेव आणि लागले तरच घाल. बेकिंग पावडर जुनी झाल्यासारखी वाटली, तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघ. ती फसफसली नाही तर केक बसणार हे नक्की. नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. गरम भरली तर आतल्या वाफेनेच ती सादळते. जुलैत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ओव्हनची मोठी कामे त्या महिन्यात हाती घेऊ नयेत असे माझे मत आहे.

त्याऐवजी भाद्रपदात मोठी तवशी, म्हणजे पावसाळी काकड्या, निघाल्या की मुलांना घेऊन धोंडस, म्हणजे त्यांचा गोड केक, कर. आपल्या आज्या ते वर-खाली निखारे ठेवून भाजत. तू जाड बुडाच्या पातेल्यात हळदीचे पान घालून, खाली तवा ठेवून मंद आचेवर कर. भाजलेला तांदळाचा रवा दोन वाट्या, किसलेले तवसे रसासकट दोन वाट्या, गूळ दीड वाटी, थोडे खोबरे आणि वेलची. वरून पाणी घालायचे नाही, तवशाच्या रसातच रवा शिजतो. धाकट्या लेकीला म्हणावे, यातले निम्मेच करायचे आहे, तू मापे सांग. दीडचे निम्मे पाऊण, हे तिने एकदा वाटीत गूळ भरून पाहिले की पुन्हा विसरणार नाही.

आणि पाऊण शिकली की तिला सासऱ्यांकडे पाठव. त्यांच्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असते आणि आपल्या किनाऱ्यावर तिचा उपयोग अजूनही आहे. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ साधारण कळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती तिच्यानंतर साडेबारा तासांच्या आसपास येते. मुलांना पंचांग हातात देऊन हिशेब करू दे आणि मग आजोबांबरोबर पुळणीवर जाऊन एका काठीने पाण्याची रेघ तपासू दे. उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर येते आणि भांगाच्या, म्हणजे सर्वांत लहान भरतीच्या, दिवशी कुठवर, याच्या खुणा महिनाभर नोंदवल्या तर गणित, भूगोल आणि चंद्राच्या कला एका वहीत मावतात. शिवाय तेवढ्या वेळात तुला टेबल मोकळे मिळते. घरात माणसे पुष्कळ आहेत अशी तुझी तक्रार आहे, पण त्यांतल्या प्रत्येकाला एकेक विषय दिलास तर तुझा भार निम्मा होईल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. बालभारतीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तीच आधाराला घे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, म्हणून मोठ्याच्या जन्मदाखल्यावरचे आणि आधार कार्डावरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे ना, हे आत्ताच पाहा. केक विकण्याचा विचार पक्का झाला, तर पहिली ऑर्डर घेण्याआधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घे. ऑर्डरी मात्र गणपतीत घेऊ नकोस. त्या दिवसांत चूल देवाची आणि पाहुण्यांची असते.

टोपल्या ठेवायला भिंतीत एक लांब फळी लागेल. ती जमिनीपासून हातभर वर हवी, म्हणजे मुलांना आपापली टोपली स्वतः उचलता येईल आणि खालून ओल चढणार नाही. फणसाचे लाकूड घे, त्याला वाळवी सहसा लागत नाही. टेबलामागच्या भिंतीची लांबी मोजून मला कळव. आमच्या वाडीतला सुतार पुढच्या आठवड्यात इथेच कामाला येणार आहे, पाऊस लागण्याआधी फळी करून एसटीने पाठवून देते.

तुझी,
मावशी