वाचक विचारतात: नॉईज मोजून काय मिळतं?

प्रश्न: सर नमस्कार, मी मिरजेला डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आम्ही वर्षभर मुलांच्या मागे लागतो की नॉईज (म्हणजे सिग्नलमधली नकोशी थरथर) कमी करा, शिल्डिंग नीट करा, फिल्टर लावा. आणि आता वाचलं की नॅनो लेव्हलच्या सर्किटमध्ये शास्त्रज्ञ मुद्दाम नॉईजच मोजतात. करंट मोजला की झालं ना, नॉईजमधून वेगळं काय कळणार?

उत्तर: ताई, तुम्ही शिकवताय ते बरोबरच आहे, फक्त सगळा नॉईज एका जातीचा नसतो. मेन्सचा ५० हर्ट्झचा हम बाहेरून शिरलेला, तो घालवायचाच. पण १ मेगओहमचा साधा रेझिस्टर घ्या, त्यातून काहीही करंट सोडू नका, तरी रूम टेंपरेचरला २० किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये त्याच्या दोन टोकांमध्ये साधारण १८ मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉईज असतोच आणि कितीही शिल्डिंग केलं तरी तो जात नाही, कारण तो आतल्या इलेक्ट्रॉनच्या उष्णतेमुळे होणाऱ्या धावपळीचा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जॉन्सनने तो मोजला आणि नायक्विस्टने १९२८ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्या गणितात टेंपरेचर येतं, रेझिस्टन्स येतो, बोल्ट्झमनचा स्थिरांक येतो, पण इलेक्ट्रॉनचा चार्ज कुठेच येत नाही, हे लक्षात ठेवा.

चार्ज येतो तो शॉट नॉईजमध्ये. १९१८ मध्ये शॉटकीने व्हॅक्यूम ट्यूबच्या बाबतीत सांगितलं की करंट सलग वाहत नाही, एकेक इलेक्ट्रॉन सुटा सुटा येतो, म्हणून करंट सरासरीभोवती थरथरतो. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा बारीक भुरभुर आणि टपोरे थेंब यांचा आवाज वेगळा येतो ना, खालच्या बादलीत तासाभरात पाणी तेवढंच जमलं तरी? अ‍ॅमीटर म्हणजे ती बादली. थेंब केवढा ते तिला कळत नाही, आवाजावरून कळतं. गणित अगदी सोपं आहे, दोन गुणिले चार्ज गुणिले करंट. १ नॅनोअँपिअरला याचं वर्गमूळ काढलं की दर रूट हर्ट्झला साधारण १८ फेम्टोअँपिअर निघतात. करंट तुम्हाला माहीत, नॉईज मोजला, की चार्ज हातात आला!

आणि हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९८२ मध्ये फ्रॅक्शनल क्वांटम हॉल इफेक्ट (अतिथंड, जोरदार चुंबकीय क्षेत्रात पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनचं एक विचित्र वागणं) सापडला, पुढच्याच वर्षी लाफलिन या भौतिकशास्त्रज्ञाने म्हटलं की तिथे करंट वाहणाऱ्या कणाचा चार्ज इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश असला पाहिजे. आता एक तृतीयांश चार्ज दाखवायचा कसा? करंट मोजून भागत नव्हतं. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये साक्लेच्या आणि इस्रायलमध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटच्या गटाने, दोघांनी स्वतंत्रपणे, गॅलियम आर्सेनाइड या सेमिकंडक्टरच्या थंडगार चिपवर शॉट नॉईज मोजला आणि तो बरोबर एक तृतीयांश चार्जचा निघाला. मला स्वतःला हा गेल्या पन्नास वर्षांतल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

तुमच्या लॅबमधल्या तांब्याच्या वायरमध्ये मात्र शॉट नॉईज दिसणार नाही, शोधू नका. लांब वायरमध्ये इलेक्ट्रॉन अणूंच्या कंपनांवर आपटत आपटत जातात आणि त्यात ही थरथर मरून जाते. मायक्रोमीटरच्या आसपासची थंड वायर घेतली तर शॉटकीच्या आकड्याच्या एक तृतीयांश उरतो (वरच्या एक तृतीयांशाशी याचा काही संबंध नाही बरं का, मुलं इथे हमखास गोंधळतात). त्याहून लहान, म्हणजे क्वांटम पॉइंट कॉन्टॅक्ट (इलेक्ट्रॉनसाठी अगदी अरुंद केलेली वाट) घेतला, १९८८ मध्ये डेल्फ्ट आणि केंब्रिजला सापडलेला, तर त्याचा रेझिस्टन्स १२.९ किलोओहम भागिले १, २, ३ अशा पायऱ्यांनी बदलतो, आणि गंमत म्हणजे नेमका पायरीवर असताना शॉट नॉईज जवळजवळ गायब होतो, कारण पाऊलीच्या नियमामुळे (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) इलेक्ट्रॉन एकामागे एक शिस्तीत जातात, कोण गेला कोण परत फिरला ही अनिश्चितताच राहत नाही.

प्रश्न: दादा, मी पुण्यात एमएससीला आहे. सुपरकंडक्टरमध्ये रेझिस्टन्स शून्य असतो, मग नॉईजही शून्य असणार ना?

उत्तर: आत, व्होल्टेज नसताना वाहणाऱ्या सुपरकरंटमध्ये शॉट नॉईज नसतोच, तिथपर्यंत तुझं बरोबर. मजा आहे ती सीमेवर. साधा धातू आणि सुपरकंडक्टर जोडले की कमी व्होल्टेजला एकटा इलेक्ट्रॉन आत जाऊच शकत नाही, तिथे फक्त इलेक्ट्रॉनच्या जोड्यांना प्रवेश, म्हणून तो आणखी एकाला बरोबर घेऊन जातो आणि मागे एक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) परत येतं. आंद्रेयेवने हे १९६४ मध्ये सांगितलं. मग चार्जचा घास दोन इलेक्ट्रॉनचा झाला, म्हणजे नॉईजही दुप्पट व्हायला हवा, आणि २००० मध्ये ग्रेनोबलला तांबं-नायोबियमच्या जोडावर तो दुप्पट मिळालाच.

उलट दिशेचंही एक उदाहरण देतो. २०२३ मध्ये राइस युनिव्हर्सिटीच्या गटाने यिटर्बियम-रोडियम-सिलिकॉनच्या एका 'स्ट्रेंज मेटल'ची (ज्याचं वागणं धातूंच्या नेहमीच्या सिद्धांतात बसत नाही) नॅनोवायर करून मोजलं तर नॉईज वर सांगितलेल्या एक तृतीयांशापेक्षाही बराच कमी आला. म्हणजे तिथे करंट सुट्या कणांनी वाहतोय की नाही यावरच प्रश्न उभा राहिला, आणि वाद अजून चालू आहे.

मोजायचं कसं म्हणशील, तर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉईज सँपलपेक्षा मोठा असतो, म्हणून एकच सिग्नल दोन वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरना देतात आणि दोघांच्या आउटपुटचा गुणाकार करून बराच वेळ सरासरी काढत बसतात, अ‍ॅम्प्लिफायरचे नॉईज एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून ते विरत जातात आणि सँपलचा तेवढा उरतो. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) ग्राफीनमधला (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरातला) नॉईज मोजून त्यावरून उष्णतेचं वहन काढलंय, आणि मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) सुपरकंडक्टिंग सर्किटवर काम चालतं. एमएससीच्या प्रोजेक्टसाठी दोन्हीकडे ईमेल टाकून बघ.