दादऱ्यातलं गाणं ३/४ मध्ये लिहायचं की ६/८ मध्ये?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी दादऱ्यातलं (सहा मात्रांच्या तालातलं) एक भावगीत म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिताय. टाइम सिग्नेचर, म्हणजे बारचं (दोन उभ्या रेषांमधल्या खणाचं) माप, ३/४ लावलंय, मात्रेला एथ नोट (क्वार्टर नोटेच्या निम्मी) धरलीय. व्हायोलिनवाले भलत्याच जागी जोर देतात, सम (आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका फेरीची, पहिली मात्रा) बारच्या मधोमध पडते, आणि मध्ये चार आवर्तनं रूपक (सात मात्रांचा ताल) घालायला ७/८ लावलं की पुढचं अख्खं गाणं विस्कटतं.

पुण्यात मी रेकॉर्डिंगसाठी आणि कॉलेजच्या संघांसाठी स्टाफ नोटेशन लिहून देते. तबला आणि व्हायोलिन एकत्र आले की नेमक्या याच तीन अडचणी येतात.

आधी ३/४ बद्दल. सहा एथ नोट ३/४ मध्येही बसतात आणि ६/८ मध्येही, म्हणून सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. पण ३/४ वाचणारा माणूस एक-दोन, तीन-चार, पाच-सहा असे दोन-दोनचे तीन ठोके मोजतो. दादरा आहे धा धी ना | धा ती ना, म्हणजे तीन-तीन. तुमचा तबलजी चौथ्या मात्रेवर विभाग बदलतो आणि व्हायोलिन तिसऱ्या-पाचव्यावर जोर देतं. ६/८ लावा. बीम (नोटा जोडणाऱ्या आडव्या रेघा) आपोआप तीन-तीनचे होतील आणि एक बार म्हणजे एक आवर्तन होईल. संथ गाण्यात मात्रेला क्वार्टर नोट धरून ३/४ चे दोन बार म्हणजे एक आवर्तन, असंही लिहितात आणि ते बरोबरच आहे. तुमच्या गाण्याला मात्र मी ६/८ च देईन.

हे बदलताना टेम्पोची खूणही बदला. ६/८ मध्ये ठोका टिंबवाल्या क्वार्टरचा, म्हणजे तीन एथ नोटांचा, असतो. मिनिटाला १८० मात्रा हव्या असतील तर टिंबवाला क्वार्टर = ६० लिहा. साधा क्वार्टर = ६० लिहिलात तर मिनिटाला १२० च मात्रा होतात आणि गाणं रेंगाळतं.

सम मधोमध पडते, कारण तुमचा मुखडा चौथ्या मात्रेपासून उठतो आणि तुम्ही तो पहिल्या बारच्या पहिल्या नोटेपासून लिहिलाय. सुरुवातीला एक रिकामा बार घाला, त्याच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून मेझर प्रॉपर्टीज उघडा आणि प्रत्यक्ष लांबी ३/८ करा. बारच्या मोजणीतून वगळायची खूणही तिथेच आहे. मग सगळे सूर कट करून या छोट्या बारपासून पेस्ट करा. एखादा ट्रिपलेट (दोन नोटांच्या वेळेत तीन नोटा) बाररेषेवर आडवा येत असेल तर पेस्ट अडतं. तेवढा भाग हाताने लिहा. पुढे विश्रांतीची चिन्हं भरून सम ओढून आणू नका, दुसऱ्या कडव्यात तोच घोळ परत होतो.

आता रूपक. म्यूझस्कोरमध्ये टाइम सिग्नेचर लावली की ती पुढची टाइम सिग्नेचर येईपर्यंत सगळे बार नव्याने आखते. म्हणून उलट क्रमाने जा: जिथे दादरा परत सुरू होतो, त्या बारवर आधी ६/८ लावा आणि मग रूपकाच्या पहिल्या बारवर ७/८. पुढचं गाणं जसंच्या तसं राहतं. हे सगळं रूपकाचे सूर लिहिण्याआधी, बार रिकामे असतानाच करा. टाइम सिग्नेचर ओढून टाकताना कंट्रोल दाबलेलं नको, नाहीतर ती एकाच ओळीला लागते आणि बाकीची वाद्यं जुन्याच मापात राहतात. मात्रा दोन्हीकडे एथ नोटच आहे, त्यामुळे इथे नवी टेम्पो खूण लागत नाही.

मग त्या ७/८ वर राइट क्लिक करून टाइम सिग्नेचर प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा मजकूर ३+२+२ करा आणि बीमचे गटही तसेच जुळवून घ्या. नुसतं ७/८ दिसलं तर वाचणारा २+२+३ सुद्धा धरू शकतो.

रूपकाबद्दल एक गोष्ट सॉफ्टवेअर सांगणार नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. ती ती ना | धी ना | धी ना, यात समेवरच खाली (टाळी नसलेली हलकी जागा) आहे. पाश्चात्य पद्धतीने शिकलेला वादक बारच्या पहिल्या नोटेला सवयीने वजन देतो, आणि रूपकाचा तो हलका, उचललेला पहिला ‘ती’ तिथेच मरतो. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरच्या नोटांना ॲक्सेंट (जोराची खूण) द्या आणि पहिल्या नोटेखाली ‘हलके’ असं सरळ मराठीत लिहा. पुण्यातल्या व्हायोलिनवाल्यांना ते बरोबर कळतं.

हे सगळं मुख्य स्कोअरमध्येच करा, पार्ट्समध्ये (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या पानांत) ते आपोआप येईल. बारची संख्या बदलल्यामुळे आधी हाताने घातलेले लाइन ब्रेक (ओळ तोडायच्या खुणा) मात्र चुकीच्या जागी गेलेले असतील. छापण्याआधी प्रत्येक पार्ट उघडून ते काढून पुन्हा घाला.