वाचकांचे प्रश्न : क्वेडलिनबुर्गमध्ये एक मुक्काम

प्रश्न : मुलगा बर्लिनला नोकरीस असल्याने मे महिन्यात आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. मोठ्या शहरांखेरीज जर्मनीतील एखादे जुने, लहान गाव निवांतपणे पाहावे, अशी इच्छा आहे. सर्वजण रोथेनबुर्गचे नाव सांगतात. परंतु ते बर्लिनपासून बरेच दूर आहे. पत्नीला गुडघेदुखी आहे आणि आम्ही शाकाहारी आहोत. कोणते गाव निवडावे, आणि त्यासाठी एक दिवस पुरेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण हार्झ पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या क्वेडलिनबुर्गला जावे, असे मी आग्रहाने सुचवीन. बर्लिनहून माग्देबुर्गला गाडी बदलून साधारण तीन तासांत तेथे पोहोचता येते. सकाळी जाऊन रात्री परतणे शक्य असले, तरी तसे करू नये. एक रात्र मुक्काम ठेवावा, कारण हे गाव घरांपाशी थांबून, वर पाहत पाहत वाचण्याचे आहे.

लाकडी चौकटीची तेराशेहून अधिक घरे येथे उभी आहेत, आणि त्यांची घडण मराठी माणसाला परकी वाटत नाही. ओकचे खांब व तुळया सांधून सांगाडा उभा करायचा आणि मधल्या चौकोनांत काटक्यांची वीण घालून ती गवत मिसळलेल्या मातीने लिंपायची, हा आपल्या कोकणातील कुडाच्या भिंतीचाच प्रकार आहे. एका घराचा गिलावा सुटलेल्या जागी मी त्या काटक्या आणि मातीत अडकलेल्या गवताच्या काड्या पाहिल्या, तेव्हा ‘कूड’ हाच शब्द आधी मनात आला. वोर्डगासे या गल्लीत 14व्या शतकातील एक घर संग्रहालय म्हणून जपले आहे. त्याचे खांब तळापासून छपरापर्यंत अखंड आहेत. नंतरच्या घरांत प्रत्येक मजल्याची चौकट स्वतंत्र असून वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्यावर झुकलेला असतो. त्या पुढे आलेल्या तुळयांवरील नक्षी आणि बांधणीचे साल अवश्य पाहावे. पूर्व जर्मनीच्या काळात यांतील कित्येक घरे दुरुस्तीवाचून खचत गेली होती. 1990च्या एकीकरणानंतर मोठ्या कष्टाने ती सावरण्यात आली. 1994 मध्ये गावाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

टेकडीवरील सेंट सर्व्हाशियस चर्चमध्ये जर्मन राजा हाइनरिख पहिला याला 936 मध्ये पुरले. त्याची राणी माटिल्डे हिच्या पुढाकाराने तेथे उच्चकुलीन स्त्रियांचा मठ स्थापन झाला आणि 19व्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याचा कारभार स्त्रियांच्याच हाती राहिला. चर्चमधील काही मौल्यवान वस्तू 1945 मध्ये एका अमेरिकी सैनिकी अधिकाऱ्याने चोरून टपालाने मायदेशी पाठवल्या होत्या. त्यांतील बहुतेक 1993 मध्ये परत आल्या आणि आता तेथेच मांडलेल्या आहेत. याच गावात डोरोथेआ एर्क्सलेबेन जन्मली. 1754 मध्ये हाले विद्यापीठाची वैद्यकातील डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली जर्मन स्त्री. आनंदीबाई जोशींना 1886 मध्ये पदवी मिळाली, त्याच्या 132 वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि आपल्या वाचकांनी डोरोथेआचे नाव ओळखीचे करून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

गुडघ्यांबाबत मात्र सावध राहावे. गावातील बहुतेक रस्ते दगडी गोट्यांचे आहेत आणि चर्चकडे जाणारा चढ तीव्र आहे. चाकांची बॅग त्या दगडांवर नीट चालत नाही, म्हणून मोठे सामान मुलाकडेच ठेवून खांद्यावरची पिशवी घ्यावी. पत्नीला चढ नको असेल, तर बाजारचौकात बसून नगरभवन आणि त्यासमोरील रोलँड या मध्ययुगीन कथांतील वीराचा पुतळा पाहत वेळ सुखाने जातो. दुसऱ्या दिवशी स्थानकावरूनच निघणाऱ्या हार्झच्या मीटरगेज गाडीने जंगलातून फेरी मारता येते. तिच्या काही फेऱ्या वाफेच्या इंजिनाच्या असतात, तेव्हा वेळापत्रकात तेवढे पाहून घ्यावे.

शाकाहाराची अडचण फारशी येणार नाही. मे महिना पांढऱ्या अस्परागस या कोंबांच्या भाजीचा. लोणी आणि उकडलेल्या बटाट्यांसह तो सर्वत्र मिळतो. त्यासोबतच्या पिवळ्या सॉसमध्ये अंडे असते, आणि सूप मांसाच्या रश्श्याचे असू शकते, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे पाणी, फळे आणि पाव शनिवारीच घ्यावेत. सोमवारी संग्रहालये बहुधा बंद असतात, हे लक्षात घेऊन मुक्कामाचे दिवस ठरवावेत.

संध्याकाळी, गुडघे साथ देत असतील तर, चर्चच्या टेकडीसमोरच्या म्युन्झेनबेर्ग टेकडीवर जावे. तेथेही पूर्वी मठ होता; तो उजाड झाल्यावर गरीब कारागिरांनी त्याच्या अवशेषांवर आपली चिमुकली घरे बांधली. त्या घरांच्या कडेने उभे राहिले की मावळतीच्या उन्हात पलीकडचे चर्च आणि त्याखालची लाल कौले एका नजरेत येतात.