पाळी कापण्याआधी

पोरी, अनेक आशीर्वाद.

तू पाणी वापर संस्थेची सचिव झालीस हे मला आठवडे बाजारात कळलं. पाठोपाठ तुझा निरोपही आला: कालव्याचं उन्हाळी आवर्तन सुटण्याआधी डोंगळे, म्हणजे पाणी चोरायचे पाइप, टाकणाऱ्यांना पाच हजार दंडाचा ठराव करायचाय, काका, तुमचं काय मत? फोनवर सांगायला गेलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

हाच ठराव मी केला होता. अध्यक्ष होतो तेव्हा दंड पाचशेचा एकदम पाच हजार केला. पहिल्याच आवर्तनात सापडला टेलचा, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या टोकाचा, एक अर्ध्या एकरवाला. रात्री दोनला दुसऱ्याच्या पाण्याच्या पाळीत त्यानं गेट वीतभर उचललं होतं. पंचनामा, पावती, सगळं रीतसर झालं. शेळ्या विकून त्यानं पैसे भरले. त्याच आठवड्यात हेडला, म्हणजे पाणी सुरू होतं त्या टोकाला, आमच्याच एका संचालकाच्या उसाकडे वितरिकेच्या भरावावरून दोन डोंगळे गेलेले मी पाहिले, वर पाचट पसरलेलं. मी म्हणालो, "भाऊ, काढून घ्या तेवढं," आणि मोटरसायकलला किक मारली.

असलं काही चारीवर, शेतापर्यंतच्या लहान कालव्यावर, लपत नाही. पुढच्या आवर्तनात टेलच्या नऊ जणांनी पाणीपट्टी भरली नाही आणि तीन ठिकाणी चारी फुटली. दंड तोच पाच हजार होता, पण कुणी भ्यालं नाही. लोक दंडाला भिऊन पाळी पाळतात असं मी समजून चाललो होतो. खरं तर शेजारीही पाळतोय एवढ्या भरवशावर ते पाळत होते, आणि तो भरवसा मी मोडला होता.

आणखी एक बघ. पाच हजार टेलवाल्याला घरातून उठवतात. ऊसवाला मात्र हिशेब करतो: एक पाणी चुकलं तर तोटा किती, दंड किती? तो पावती खिशात घालतो आणि वर म्हणतो, पैसे भरलेत की. म्हणजे आपण त्याला चोरीचं पाणी दर ठरवून विकलं. त्याला पैसा बोचत नाही, तास बोचतात. म्हणून पुढे आम्ही रीत बदलली. पहिल्यांदा सापडला तर दोनशे रुपये आणि सभेत नाव वाचायचं. दुसऱ्यांदा सापडला तर चोरलेले तास त्याच्या पुढच्या पाळीतून कापायचे आणि ज्याचं पाणी गेलं त्याला द्यायचे. (तुमच्या उपविधीत हे बसतं का, ते आधी शाखा कार्यालयात विचारून घे.) एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनीही जगभरच्या जुन्या पाटपाणी व्यवस्था धुंडाळून हेच नोंदवलंय: टिकलेल्या ठिकाणी पहिली शिक्षा हलकी असते आणि गुन्हा वाढेल तशी वाढत जाते. त्यात नजर ठेवणारा एक तर शेतकऱ्यांपैकीच असतो, नाही तर त्यांना जबाबदार असतो.

आपल्याकडे धुळे-नाशकात पांझरा, मोसमच्या काठची फड पद्धत बघ. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक, आणि पाणी भरायचं त्यासाठी नेमलेल्या पाटकऱ्यानं, मालकानं पाणी वळवायला दाऱ्यावर जायचंच नाही. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत वाटलेली. पाणी कमी पडलं की कुठला फड पडीक ठेवायचा हे सगळे मिळून ठरवतात, आणि त्या फडात ठरवणाऱ्यांचंही शेत असतंच. चोरावी अशी जागाच कमी ठेवली होती जुन्या माणसांनी. शेजपाळीत, म्हणजे ओळीनं ठरवलेल्या पाळ्यांत, पाणी आधी टेलला का, याचंही उत्तर मला यातच दिसतं. हेडवाला एरवीही पाण्याशेजारीच बसलेला असतो.

मला सगळ्यात आवडतं ते स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाणी न्यायालय. दर गुरुवारी दुपारी बाराला, कॅथेड्रलच्या दारात. आठ कालव्यांचे निवडून दिलेले शेतकरी पंच बसतात, सगळं तोंडी चालतं. ज्या कालव्याचा तंटा, त्या कालव्याचा पंच निकालात भाग घेत नाही. तुमच्या संचालक मंडळानं एवढं एक उचललं तरी पुष्कळ.

आता ऐकून घेण्याबद्दल. आमच्या चारीवर एका म्हातारीनं पाळी संपल्यावरही दोन तास गेट बंद केलं नव्हतं. पोरं दंडाची पावती फाडायलाच निघाली होती. मी म्हटलं, आधी विचारा. ती म्हणाली, पाणी येतच नव्हतं रे, नुसतं बोटभर. वहीतली गेजची, म्हणजे चारीतल्या पाण्याच्या पातळीची, नोंद काढली तर तिच्या पाळीत चारीत पाणी निम्म्यानंच होतं, वर कुणीतरी हात मारलेला. राज्याच्या 2005च्या सिंचन कायद्यानं संस्थेला पाणी मोजून मिळतं, पण आत आपण ते घड्याळावर वाटतो, ही सगळी भानगड त्यातली. तिला दंड केला असता तर चोराचा दंड तिनं भरला असता. तेव्हापासून दर तीन तासांनी गेज लिहायची सवय लावली, आणि सही पाळीवाल्याची.

दंडच नको, समजावून सांगू, असं म्हणणारेही भेटतील. एक आवर्तन करून बघ हवं तर. दुसऱ्या आवर्तनाला सरळ माणूसच तुला विचारील, मीच काय वेडा म्हणून पाळी पाळू?

ठरावाचा मसुदा पाठव, बघून देतो. शेजपाळीचा तक्ता मिळाला. त्यात तुझ्या वडिलांची पाळी बुधवारी पहाटे चारला संपते. ते गेट पाटकऱ्यावर सोडू नकोस, तू जा. बॅटरी ने, तिथं उतारावर चिखल असतो.

तुझा,
काका