प्रोमिथियसने डिस्क भरली, आता काय?

प्रश्न: सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरलीय, बघितलं तर सगळी जागा प्रोमिथियसच्या (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या) डेटा फोल्डरने खाल्लीय. अख्खा फोल्डर उडवू का?

उत्तर: अहो थांबा, अख्खा नको! आधी प्रोमिथियस बंद करा, मग आत ०१ने सुरू होणारी लांबलचक नावांची फोल्डरं दिसतील ना, ते ब्लॉक, म्हणजे ठरावीक काळाच्या डेटाचे गठ्ठे, प्रत्येकात मेटा डॉट जेसन (meta.json) फाइल असते, त्यात मिनटाइम-मॅक्सटाइम, म्हणजे त्या डेटाची सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मिलिसेकंदात असते, ते बघून जुने ब्लॉक तेवढे काढा. वॉल (wal) फोल्डरला शक्यतो हात लावू नका, ताजा डेटा तिथेच असतो. एपीआयने (प्रोमिथियसला थेट आज्ञा पाठवून) सिरीज, म्हणजे एकेका मोजमापाच्या नोंदी, डिलीट केल्या तर जागा लगेच सुटत नाही, टूम्बस्टोन, म्हणजे 'हे डिलीट झालंय' अशा खुणा, साफ करावे लागतात. पुन्हा भरू नये म्हणून रिटेन्शनला (डेटा किती ठेवायचा त्या सेटिंगला) दिवसांसोबत साइजची मर्यादाही घाला, डिस्कच्या ८० टक्क्यांपर्यंतच, कारण नुसते डिफॉल्ट १५ दिवस डिस्क किती उरलीय ते बघत नाहीत.